कोठीतलं घुबड

३ ऑगस्ट २०२५, रविवार. संध्याकाळी ६.२०

आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत लिहायची आणि खरं लिहायचं, एवढे दोनच नियम. पंधरा वर्षं विमा विकतोय, अख्ख्या अमरावतीला जोखीम म्हणजे काय ते समजावून सांगतो. आपलंही नियोजन लेखी हवं.

मुख्य बातमी : सातवं नाणं आलं. चांदीचं, आरशासारखं लखलखीत. पॅसिफिक समुद्रातल्या कुठल्याशा बेटाने 'ढोली कंपनी' या लहान मुलांच्या कार्टूनवर सात नाणी काढली होती. माझी मुलगी आकांक्षा पाच वर्षांची असताना आम्ही दोघं हे कार्टून रोज बघायचो. आता ती बारावीला आहे, मी अजून बघतो. ससा, खार, कासव असे सहा जण माझ्याकडे होते. राहिला होता उल्लू मास्टर. म्हणजे ढोलीतल्या शाळेचा हेडमास्तर, गोल चष्म्याचं घुबड. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला मुकुटवाली राणी. पूर्ण सेट विदर्भात कोणाकडे नाही असं अकोल्याचा कुलदीप म्हणतो. तो नाण्यांची खरेदी-विक्री करतो, १४ सप्टेंबरला अकोल्यात प्रदर्शन भरवतोय. त्यात माझं स्वतंत्र टेबल. त्यावर पाटी : योगेश निंभोरकर, अमरावती.

बायकोला, पौर्णिमाला, मार्चमध्ये शब्द दिला होता की आता नाणी बंद. शब्द मोडलेला नाही. नाणी बंदच आहेत, हे एकच नाणं आहे.

प्रश्न आईचा. मी आईला भीत नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस आईला कशाला भिईल. पण गेल्या वर्षी अंजनगाव सुर्जीच्या लग्नाला जाताना आसेगावच्या पुलावर तिने माझ्या खिशात हात घातला, ससा काढला आणि पूर्णामाईला हात जोडून खिडकीतून नदीत टाकला. म्हणाली, तुह्याकडं चिल्लर नोयती, हा एकच होता. ससा दोनदा घ्यावा लागला.

म्हणून उल्लू मास्टरला घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवलं. माळ्यावर महालक्ष्मीच्या दोन पत्र्याच्या कोठ्या आहेत. भादव्यात तीन दिवस त्यांवर मुखवटे बसवायचे, साड्या नेसवायच्या, बाकी वर्षभर त्या कोठ्यांना कोणी बोट लावत नाही. आंघोळ करून सोवळ्यात हात लावायचा असा आईचा दंडक आहे. म्हणजे लॉकरच. प्लास्टिकची डबी वाजते, म्हणून नाणं काढून कपाटातल्या सर्वांत मऊ कापडात गुंडाळलं. हिरवं होतं.

आंघोळ सकाळी झालीच होती.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी चौकात आमलेट खाताना आठवलं की श्रावण चालू आहे. रविवारीही खाल्लं होतं. कोठीला हात लावायच्या अर्धा तास आधी.

आई नेहमी म्हणते, महालक्ष्मी कडक हाय. धामणगावच्या कोण्या बाईने सोवळं मोडलं तर तिचा हात वर्षभर वर झाला नाही. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. तरी उजवा हात पाच-सहा वेळा वर करून पाहिला. होतो वर.

१० ऑगस्ट, रविवार

निर्णय : नाणं तिथून काढायचं आणि ऑफिसच्या बॅगेत ठेवायचं. आंघोळ केली, धूतवस्त्र नेसलो, शिडी लावली. तिसऱ्या पायरीवर असताना आई आली आणि विचारलं, का करून राहिला रे. म्हणालो, पंखा पुसून राहिलो.

घरातले पाचही पंखे पुसले. पौर्णिमाने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

आई म्हणाली कोठ्या महालक्ष्मीच्या आदल्या दिवशी उतरवायच्या. म्हणजे ३० तारखेला. भरपूर वेळ आहे. घाई करणारा माणूस जोखीम वाढवतो, हे मी ग्राहकांना सांगतोच.

माळ्यावर पाल आहे. तो एक स्वतंत्र मुद्दा आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार. वरूड

संत्र्यावाल्यांच्या पॉलिसीसाठी दोन दिवस इथे. एका बागायतदाराला तासभर समजावलं की माणूस संकट येईपर्यंत थांबतो हीच त्याची चूक. त्याने लगेच सही केली. शनिवारी दुपारी दोनपर्यंत घरी पोचेन, आई झोपलेली असेल, पाच मिनिटांचं काम.

३० ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ७.००

मोर्शीजवळ गाडी पंक्चर झाली. साडेचारला घरी आलो. दारात बायकांच्या चपला. तिथेच पाय गार पडले, ते पंक्चरमुळे उन्हात उभं राहिल्याने असावं.

आत पौर्णिमा कोठी पुसत बसली होती. मांडीवर हिरवं कापड, आणि आईच्या तळहातावर उल्लू मास्टर.

ते कापड म्हणजे खणाचं होतं. ओटी भरायचा हिरवा खण. मले कापडातलं काय समजते?

आईचे डोळे भरून आले होते. ती सगळ्यांना दाखवत होती : हे पाहा देवी, डोक्यावर मुकुट. अन हे पाहा घुबड, लक्ष्मीचं वाहन. खणात गुंडाळून स्वतः आली कोठीत. शेजारच्या मनकर्णाबाईंनी तर जमिनीला डोकं टेकलं. चष्म्याबद्दल कोणी काही बोललं नाही. डोळे मोठे हायेत म्हणे, समदं पायते.

मग आईने माझ्याकडे वळून विचारलं. अगदी सरळ विचारलं, योगेश, तुह्यं तं नाही ना हे? तुले नाद हाय म्हून विचारून राहिली.

सात बाया हात जोडून माह्याकडं पाहून राहिल्या होत्या. पौर्णिमाही पाहून राहिली होती.

मी नाही म्हटलं.

ही तात्पुरती भूमिका आहे. रात्री आईला एकटीला गाठून सांगेन. माझी माणसं हाताळायची पद्धत आहे.

८.४० : आई लवकर झोपली.

३१ ऑगस्ट, रविवार, आवाहन

आज नाण्याले चिंच लावून घासलं. वरून राख. अशा आरसा-पॉलिशच्या, म्हणजे 'प्रूफ' नाण्याला उघड्या बोटाने शिवायचं नसतं, कुलदीप हातमोजे घालतो. आईने नारळाच्या शेंडीने असं खसाखसा घासलं की मी भिंत धरून खाली बसलो. आईला वाटलं मला भक्तीने भरून आलं.

मग उंबऱ्यापासून हळदीकुंकवाच्या पावलांवरून ज्येष्ठा-कनिष्ठा आत आल्या, मुखवटे बसले, साड्या नेसवल्या. पौर्णिमाने नेसवल्या. एकोणीस वर्षं तीच नेसवते, एकेक निरी बोटाने बसवते, दोन तास लागतात. त्या दोन तासांत ती कोणाशी बोलत नाही आणि इतकी खूश बाकी वर्षभर दिसत नाही. शेवटी ज्येष्ठेच्या पुढ्यात चांदीच्या वाटीत उल्लू मास्टर.

अकोल्याहून मोठे भाऊ खुशालराव आणि हर्षावहिनी आले. वहिनींनी नाण्याचे पंधरा फोटो काढले.

आरतीत मी डोळे मिटून घेतले. उघडले की कनिष्ठा माझ्याकडेच बघत असे. जिकडं सरकलो तिकडं पाहे. मुखवट्याचे डोळे असेच रंगवतात, त्यात काही नाही. मी खांबाच्या मागे उभा राहिलो.

ठराव : उद्या पहाटे सांगायचं. पुरणाला आई चारला उठते, तेव्हा एकटी असते.

१ सप्टेंबर, सोमवार, महानैवेद्य

पहाटे चारला उठलो. आई एकटीच होती. मी म्हटलं, आई, एक सांगायचं होतं. ती म्हणाली सांग. मी म्हटलं, डाळ जास्त शिजली वाटते. तिने मला स्वयंपाकघरातून हाकललं.

सकाळपासून पोट बिघडलं. आंबिलीने बिघडलं असेल म्हटलं तर पौर्णिमा म्हणाली आंबील अजून कोनी प्यालीच नाही.

सोळा भाज्या, कढी, पुरणपोळी, वर टांगलेला फुलोरा, आणि दारात रांग. गल्लीबाहेरच्या बायाही आल्या. मनकर्णाबाईंनी नवस केला, सुनेची कूस उजवू दे, चांदीचा पाळणा वाहीन. उल्लू मास्टरपुढे. आता माणूस कसा सांगेल? हे आता माझं एकट्याचं राहिलं नाही, एका कुटुंबाच्या आशेचा प्रश्न आहे. मी गप्प राहून त्यांना धीरच देत आहे.

दुपारी आकांक्षा वाटीपाशी वाकली, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं. नंतर गच्चीवर आली आणि हळूच म्हणाली, पप्पा, हा तर उल्लू मास्टर हाये. आजीले सांगून द्या न, मी येते सोबत. मी तिला समजावलं की मोठ्यांच्या गोष्टींना योग्य वेळ असते. ती म्हणाली, कवा? मी म्हटलं, नैवेद्य होऊ दे.

नैवेद्य झाला. मग पंगती सुरू झाल्या.

२ सप्टेंबर, मंगळवार, विसर्जन. दुपारी ३.१०

लिहायचं नोयतं पण नियम हाय.

अकरा वाजता हर्षावहिनी सोफ्यावर बसून तिच्या बहिणीले फोटो पाठवून राहिली होती. बहिणीनं उलट लिंक पाठवली. परदेशातलं दुकान, तेच नाणं, तेच घुबड, खाली लिहिलं की मुलांच्या वाढदिवसाला भेट द्या. वहिनी हसली, मंग तिले समजलं आपण का वाचलं, अन मोबाईल उलटा ठेवून दिला. पण आईनं पायलं होतं. आई म्हणाली, दाखव.

आईनं फोटो मोठा करून पायला. घरात पंधरा माणसं होती. मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून निघून गेल्या. मंग आई उभी राहिली अन म्हणाली की देवीच्या कोठीत खेळणं कोनं ठेवलं.

मी बोलणारच होतो. हे मी शपथेवर लिहितो. तोंड उघडलं होतं, जीभ वर नेली होती. छातीत असं धाडधाड होत होतं की मले वाटलं आता येतेच अटॅक, अन आला तं बरं.

पौर्णिमा म्हणाली, मी ठेवलं.

आईनं विचारलं, तू? पौर्णिमा म्हणाली, हो, ह्यायच्यासाठी आणलं होतं, लपवून ठेवलं, इसरली. मान खाली घालून, निऱ्या सोडता सोडता म्हणाली.

आई म्हणाली, सोड त्या निऱ्या. हर्षा सोडीन. अन पुढच्या सालापासून महालक्ष्म्या अकोल्याले बसतीन. जिले कोठीचं सोवळं समजत नाही तिच्या हातचं नाही पायजे देवीले. खुशालभाऊ म्हणाले, आई, असं नको करू, एवढ्यासाठी. आई म्हणाली, अन मी बी तिकडंच येतो.

पौर्णिमानं हातातली साडी तिथंच खाली ठेवली.

चार वाजता गाडी निघन. कोठ्या गाडीच्या टपावर बांधून राहिले. मी दोरी धरून उभा होतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

शांत डोक्याने विचार केला. (पुन्हा शुद्ध भाषा.) प्रकरण एकंदरीत मिटलं. आईचा राग ओसरेल, वर्षभर अवकाश आहे. मी तेव्हा मध्ये बोललो असतो तर पौर्णिमा खोटं बोलली हे पंधरा लोकांपुढे उघडं पडलं असतं. तिची अब्रू मी राखली.

पौर्णिमा भांडली नाही. भांडली असती तर बरं. चहा देते, डबा देते. नाणंही तिनेच धुऊन, पुसून माझ्या टेबलावर ठेवलं. मी विचारलं, तू काहून बोलली? ती म्हणाली, कोनाले तरी बोला लागत होतं न.

मनात भीती अशी काही नाही. फक्त ती खोलीत आली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

७ सप्टेंबर, रविवार

आज आईला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं होतं. ग्रहण निघालं. ग्रहणात अशा गोष्टी करत नाहीत.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. पंधरा दिवस शुभ कार्य नाही. खरं सांगणं हे शुभ कार्यातच मोडतं असं माझं मत आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

महालक्ष्म्यांच्या जुन्या साड्या पौर्णिमाकडे एका ट्रंकेत आहेत, एकोणीस वर्षांच्या. आज तिने त्या काढल्या, उन्हं दाखवली, घड्या घातल्या आणि दोन पिशव्यांत भरल्या. उद्या अकोल्याले जाऊनच राहिले तं वहिनीकडं द्या म्हणाली. तिकडं लागतीन आता.

आकांक्षाने मला बाहेर बोलावलं. म्हणाली, मम्मी भाजी चिरता चिरता रडते, माहीत हाय काय तुमाले? माझ्याशी ती आता पाहुण्याशी बोलावं तशी बोलते. मी तिला शब्द दिला. उद्या प्रदर्शन झालं की थेट जठारपेठेत भावाच्या घरी जायचं, आईसमोर बसायचं आणि सांगायचं. पहिलं वाक्य तयार आहे : आई, ते नाणं माझं होतं, पौर्णिमाने माझ्यासाठी आळ घेतला. आरशासमोर नऊ वेळा म्हणून पाहिलं. सात वेळा पूर्ण झालं.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी ८.३०, बस. दोन्ही पिशव्या मांडीवर. मन खंबीर. नाडी ११०, पण बस हलते आहे.

दुपारी १२.१५, अकोला. कुलदीपने भिंग लावून उल्लू मास्टरला पाहिलं. मग मला पाहिलं. म्हणाला, भाऊ, तुमी याले घासणीनं घासलं काय? घुबडाच्या कोटाच्या घडीत कुंकू आहे, चष्म्याची एक काच गेली आहे, राणीच्या गालावर ओरखडे. म्हणाला सहाच मांडा, हे खिशात ठेवा. विदर्भातला एकमेव सेट आता सहाचा आहे, आणि सहाचे सेट अकोल्यातच आणखी तिघांकडे निघाले. पाटीवर माझं नाव निंबोळकर लिहिलं होतं. दुरुस्त करायला सांगितलं नाही. आज माझं लक्ष मोठ्या कामावर आहे.

दुपारी ३.४०, जठारपेठ. भावाच्या घराखाली, पानठेल्यावर. तीन वेळा जिना चढलो. तिन्ही वेळा उतरलो. आता जातो.

दुपारी ४.२०, बसस्टँड. आई शेंगा सोलत बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. याहून चांगली वेळ येणार नाही असं स्वतःलाच म्हणालो. साड्यांच्या पिशव्या दिल्या. तिने एक साडी काढली, घडीवरून हात फिरवला, आणि विचारलं, पौर्णिमा कशी हाय? मी म्हटलं बरी आहे. मग ती शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, योगेश, तुले काही सांगायचं हाय काय?

मी म्हटलं, तुह्या बीपीच्या गोळ्या संपल्या काय ते विचाराले आलो.

तिने शेंगा परत पुढ्यात ओढल्या. मग म्हणाली, हायेत गोळ्या. चहा पी अन जाय.

चहा प्यायलो. म्हणजे आज भूमिका तयार झाली, वातावरण मऊ झालं. पुढच्या भेटीत सांगणं सोपं जाईल.

संध्याकाळी ७.१०, घर, बाथरूम.

पौर्णिमा दारातच उभी होती. आकांक्षानं तिले सांगून ठेवलं होतं की पप्पा आज आजीले खरं सांगणार हायेत. तिनं विचारलं, सांगतलं? तिचा चेहरा असा होता की मले दुसरं काही बोलताच आलं नाही. मी हो म्हटलं. तिनं विचारलं, मंग आई का म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही, निवळल्या.

पौर्णिमा रडाले लागली. पंधरा दिवसांत पयल्यांदा माह्या हाताले हात लावला. म्हणाली, मले वाटलंच होतं तुमी सांगसान, मी आकांक्षाले म्हणत होती की थे भेतात पन मनानं चांगले हायेत. मंग म्हणाली, थांबा, आईले फोन लावतो. कोठ्या कवा आनाच्या इचारतो.

मी म्हटलं आज नको, पितृपक्ष हाय. ती हसली अन आत गेली.

मी इथं येऊन कडी लावली. रोजनिशी शर्टात होती.

रिंग जाऊन राहिली. स्पीकरवर ठेवला तिनं.

उचलला आईनं. पौर्णिमा म्हणाली, आई, ह्यायनं सांगतलं तुमाले सगळं, लय बरं झालं.

आता आई म्हणाली, योगेशले दे.

पौर्णिमा दार वाजवून राहिली. आयकलं नाही असं वाटावं म्हून मी नळ सोडला. आज पाण्याचा दिवस नाही.